डिझायनरकडे जाण्याआधी आणि गेल्यावर: नव्या व्यावसायिकांसाठी

दसरा-दिवाळीच्या तोंडावर ठाण्यात नवे व्यवसाय उघडायला सुरुवात होते. घोडबंदर रोडच्या एखाद्या सोसायटीत घरगुती फराळ, पाचपाखाडीत दातांचा दवाखाना, राम मारुती रोडवर कपड्यांचं दुकान, वागळे इस्टेटमध्ये छोटं वर्कशॉप. जागा बघून झाली, भांडवल जमलं, माल भरला, की मग आठवतो लोगो आणि बोर्ड. आमच्यासारख्या डिझायनरला फोन येतो: "एक छानसं डिझाईन पाहिजे, परवा उद्घाटन आहे."

हे मार्गदर्शन त्या फोनच्या आधीपासून सुरू होतं. बिघडलेली बहुतेक कामं डिझायनरने कॉम्प्युटर सुरू करण्याआधीच बिघडलेली असतात. मजकूर तयार नसतो, आणि शेवटचा शब्द कुणाचा हे घरात ठरलेलं नसतं. या दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. त्यासाठी चित्रकला यावी लागत नाही.

पहिलं काम: मॅटर

प्रेसच्या भाषेत मजकुराला मॅटर म्हणतात. मॅटर अर्धवट देऊन "तुम्ही डिझाईन सुरू करा, बाकीचं देतो" म्हणणं हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार. तीन ओळींसाठी केलेल्या रचनेत नंतर अकरा ओळी घुसवल्या की ती रचना राहत नाही, आणि मग "पहिलंच बरं होतं" असं ऐकायला मिळतं.

चकलीच्या पाकिटाचं लेबल घेऊ. मालकीणबाईंच्या डोक्यात असतं नाव, एक चकलीचा फोटो आणि मोबाईल नंबर. प्रत्यक्षात पाकिटावर काय काय यावं लागतं बघा: एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) चिन्ह आणि परवान्याचा १४ अंकी नंबर, शाकाहाराचा हिरवा ठिपका चौकटीसह, घटक पदार्थ (वजनाने सगळ्यात जास्त असेल तो आधी, मग उतरत्या क्रमाने), पोषणमूल्यांचा तक्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, बॅच नंबर, पॅक केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ती तारीख, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल. आता सांगा, चकलीच्या फोटोला किती जागा उरली? नेमकं काय लागतं ते तुमच्या परवान्याचं काम करणाऱ्याला विचारून यादी पक्की करा. डिझायनर त्यातला जाणकार असेल असं गृहीत धरू नका.

तारीख आणि बॅच नंबर दर वेळी बदलणार, म्हणजे ते नंतर शिक्क्याने किंवा मशीनने मारणार. ते आधी सांगा. गुळगुळीत लॅमिनेशनवर शिक्क्याची शाई धरत नाही, बोट लागलं की पुसते. त्यामुळे तेवढा चौकोन कोरा आणि कोटिंगशिवाय ठेवावा लागतो. ही एक ओळ सांगायची राहिली म्हणून सगळी लेबलं हाताने स्टिकर लावून वापरावी लागल्याचं मी पाहिलं आहे.

मॅटर एका फाईलमध्ये टाईप करून द्या. वहीच्या पानाचा फोटो नको, आणि व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांनी तर नकोच. मराठी युनिकोडमध्ये टाईप करा, म्हणजे मोबाईलवर नेहमी करता तसंच. जुन्या श्रीलिपी वगैरे फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होते. मग तो पुन्हा टाईप करायचा, म्हणजे चुकांना पुन्हा आमंत्रण.

नावाचं शुद्धलेखन तुम्ही ठरवायचं, मराठीत आणि इंग्रजीतही. "स्वयंपाकघर" एका ठिकाणी आणि "स्वयंपाक घर" दुसऱ्या ठिकाणी असं चालणार नाही. नाव पक्कं करण्याआधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते कुणी घेतलंय का ते शोधा. शोध फुकट असतो. अर्ज करायचा तर व्यक्ती, स्टार्टअप आणि छोट्या उद्योगासाठी ऑनलाईन शुल्क माल किंवा सेवेच्या एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. आणि नोंदणी झाल्याशिवाय नावापुढे वर्तुळातला आर लावायला सांगू नका. तो गुन्हा ठरतो.

शेवटचा शब्द कुणाचा

दोन भागीदार, एकाची बायको, दुसऱ्याचे सासरे आणि सीए असा व्हॉट्सॲप ग्रुप बनतो. डिझाईन पडलं की पहिला अंगठा येतो, मग "थोडं भडक वाटतंय", मग काका म्हणतात लाल घ्या, लाल शुभ असतो, मग पुण्याची भाची तिला कुठेतरी दिसलेलं वेगळंच काहीतरी पाठवते. डिझायनरने कुणाचं ऐकायचं?

सगळ्यांचं मत घ्या, जरूर घ्या, पण घरात घ्या. डिझायनरशी एकच माणूस बोलेल आणि त्याने "ओके" म्हटलं की ओके, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. ज्याच्या खिशातून पैसे जाणार तो मोठा भाऊ शेवटी बघणार असेल, तर त्याला पहिल्या बैठकीलाच आणा. शेवटच्या दिवशी पहिल्यांदा डिझाईन बघणारा माणूस नेहमीच पहिल्यापासून सुरू करायला लावतो.

ते कुठे आणि कोण बघणार

"मॉडर्न पण ट्रॅडिशनल" हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा गिऱ्हाईक कोण ते सांगा: नौपाड्यातल्या साठीच्या आजी, की कासारवडवलीच्या टॉवरमधलं नोकरी करणारं जोडपं? त्यांनी डिझाईन बघून काय करावं, फोन, दुकानात येणं की ऑर्डर? एकच सांगा. तिन्ही सांगितलं तर तिन्ही सारखंच दिसेल, म्हणजे काहीच उठून दिसणार नाही.

बोर्ड असेल तर जागा दाखवा. रस्त्याच्या पलीकडे, जिथून लोक बघतील तिथे उभं राहून मोबाईलवर फोटो काढा. गोखले रोडवरचा बोर्ड फुटपाथवरून चालणारा माणूस वाचतो, घोडबंदर रोडवरचा रिक्षात बसलेला, तोही मेट्रोच्या खांबांच्या मधून. दोघांसाठी अक्षरांचा आकार एक असूच शकत नाही. मग टेपने माप घ्या, शटरच्या पेटीसकट. "साधारण दहा बाय तीन असेल" हे माप नव्हे.

बोर्डाबाबत एक कायद्याची गोष्ट. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार लहान दुकानांनाही पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असणं बंधनकारक आहे. दुसरी भाषा चालते, पण मराठी आधी हवी आणि तिची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असता कामा नयेत. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी पाट्या बदलायला दोन महिने दिले होते, ती मुदत केव्हाच संपली. तेव्हा "इंग्रजी मोठं आणि खाली बारीक मराठी" असं डिझाईन मागूच नका.

माझ्या मते याचा फायदा करून घ्यावा. देवनागरी अक्षर नीट केलं तर बोर्ड शंभरात उठून दिसतो. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षकं आठवा. नुसत्या अक्षरावरून नाटक विनोदी की गंभीर ते कळायचं. पण बहुतेक ठिकाणी काय होतं, कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणून मंगल फॉन्ट लावला जातो. र. कृ. जोशी यांनी तो मायक्रोसॉफ्टसाठी केला, कॉम्प्युटरच्या पडद्यावर वाचायला. मोठ्या पाटीवर ताणून बसवायला नव्हे. आज 'एक टाइप' नावाच्या मुंबईच्या मंडळींचे मुक्त, बालू असे चांगले देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याखाली, विनामूल्य मिळतात. डिझायनरला विचारा की मराठीसाठी कोणता फॉन्ट आणि का. उत्तर देताना तो अडखळला, तर त्याची आधीची मराठी कामं बघायला मागा.

आवडलेले नमुने दाखवणं चांगलंच, पण तीन पुरेत आणि प्रत्येकाखाली एक ओळ हवी: "याचा रंग नाही, पण पत्ता पटकन सापडतो ते आवडलं." न आवडलेला एक नमुनाही द्या, तो जास्त उपयोगी पडतो. एआयकडून बनवून आणलेलं चित्रही दिशा दाखवायला चालेल. त्यावरची मराठी अक्षरं मात्र पुष्कळदा मोडकी असतात आणि ते चित्र बोर्डाएवढं मोठं केलं की फुटतं, म्हणून "हेच जरा नीट करून द्या" म्हणजे पूर्ण नवंच काम असतं.

डिझायनर हवा की प्रेसवाला

बिलबुक, पावती पुस्तक, साधं लेटरहेड यासाठी डिझायनर लागत नाही. प्रेसमधला ऑपरेटर ते स्वस्तात आणि चांगलं करून देतो, हे मी माझंच गिऱ्हाईक कमी करून सांगतोय. लोगो, पाकीट, बोर्ड, मेन्यू कार्ड, जिथे पुढची पाच-दहा वर्षं तेच राहणार आहे, तिथे डिझायनर घ्या.

पैशाचं आधीच बोला

ओळखीतून आलेल्या कामात पैशाचं बोलणं टाळलं जातं आणि त्यातूनच ओळख तुटते. एका पानावर, किंवा एका ईमेलमध्ये, एवढं लिहून घ्या: काय काय बनवून मिळणार, किती पर्याय, करेक्शनच्या किती फेऱ्या, केव्हा, किती पैसे, कोणत्या फायली, आणि छपाई यात धरली आहे की नाही. अर्धे पैसे आगाऊ ही सर्वसाधारण रीत आहे. "आधी दोन-तीन डिझाईन दाखवा, आवडलं तर पैसे" हे चांगला डिझायनर मान्य करणार नाही. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर १८ टक्के लागतील, तेही हिशेबात धरा.

करेक्शन आणि नवं काम यातला फरक इथेच ठरवा. फोन नंबर बदलणं, रंग गडद करणं हे करेक्शन. "आम्ही आता लाडूही ठेवणार आहोत, नाव बदलूया का" हे नवं काम.

आता हक्काचं. पैसे दिले म्हणजे लोगो आपल्या मालकीचा झाला, असं सगळे धरून चालतात. कॉपीराइट कायदा, १९५७ वेगळं सांगतो. पगारी नोकर नसलेल्या डिझायनरने काढलेल्या लोगोचा पहिला मालक सहसा तो डिझायनरच असतो. हक्क तुमच्याकडे यायचा तर तो लेखी द्यावा लागतो आणि त्यावर त्याची सही लागते. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून "पूर्ण रक्कम मिळाल्यावर या लोगोचे सर्व हक्क, कायमचे आणि जगभरासाठी, अमुक यांच्याकडे" अशी ओळ घालून घ्या. मोठा व्यवहार असेल तर वकिलाकडून.

गूगलवरून उचललेला फोटो डिझायनरला देऊ नका, आणि त्याने लावला असेल तर कुठून आणला ते विचारा. कॅन्व्हासारख्या डिझाईनच्या संकेतस्थळावरच्या तयार साच्यातून उचललेल्या चित्राचा लोगोही नको. तेच चित्र दुसरा कुणीही वापरू शकतो, त्यामुळे ट्रेडमार्कला अडतं.

उरलेली रक्कम वेळेवर द्या. डिझायनरची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे करार नसताना १५ दिवसांत आणि करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात.

पहिलं डिझाईन हातात आल्यावर

लगेच उत्तर देऊ नका. रात्रभर राहू द्या. कार्ड, पाकीट किंवा लेबल असेल तर मूळ मापात साध्या कागदावर प्रिंट काढा, कापा आणि हातात धरा. मोबाईलवर दोन बोटांनी मोठं करून बघितलेलं व्हिजिटिंग कार्ड प्रत्यक्षात साडेतीन बाय दोन इंचच असणार आहे. पाकिटाचं लेबल असेल तर बरणीला किंवा पिशवीला चिकटवा आणि दुकानातल्या दुसऱ्या चार पाकिटांशेजारी ठेवा.

मग अभिप्राय. इथे एक सवय लावून घ्या: अडचण सांगा, उपाय डिझायनरला शोधू द्या. दोन मेसेज शेजारी ठेवतो.

पहिला: "लोगो मोठा करा, नंबर लाल करा, खाली जागा रिकामी आहे तिथे फुलं टाका, आणि जरा उठाव आणा."

दुसरा: "१. आईला चष्म्याशिवाय फोन नंबर वाचता आला नाही. २. हे पाकीट उपासाच्या पदार्थाचं वाटतंय, आमची चकली भाजणीची आहे. ३. ५०० ग्रॅम आणि २५० ग्रॅमची पाकिटं लांबून एकसारखी दिसतात. ४. नाव आणि चित्र आवडलं, त्याला हात लावू नका."

पहिल्या मेसेजवरून डिझायनर सांगितलं तेवढं करील आणि पाकीट आणखी बिघडेल. दुसऱ्यावरून तो कदाचित नंबर जागचा हलवेल, मागचा रंग बदलेल आणि वजनासाठी वेगळी पट्टी देईल. चौथा मुद्दा लोक लिहितच नाहीत. काय चांगलं झालंय ते सांगितलं नाही, तर पुढच्या फेरीत नेमकं तेच बदललं जातं.

रिकाम्या जागेविषयी एक जादा शब्द. छापण्याचे पैसे पूर्ण कागदाचे देतोय म्हणून कागद पूर्ण भरावा, हा हिशेब समजण्यासारखा आहे, पण ती जागाच डोळ्याला नावापर्यंत नेत असते. तिच्यात फुलं घालण्याआधी एकदा डिझायनरचं म्हणणं ऐकून घ्या.

सगळी करेक्शन्स एकदम, नंबर घालून, लिहून द्या. प्रिंटवर पेनने खुणा करून त्याचा फोटो पाठवला तर फारच उत्तम. लोकलमधून पाठवलेल्या चार मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये कळव्याचा पूल ऐकू येतो, करेक्शन नाही.

प्रूफ: इथे जबाबदारी तुमची

शेवटचं प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रत, डिझायनरवर सोडू नका. त्याने तो मजकूर इतक्या वेळा पाहिलेला असतो की त्याला चूक दिसत नाही, आणि तुमच्या सासूबाईंच्या नावात दीर्घ वेलांटी आहे हे त्याला माहीतही नसतं. छापलेला फोन नंबर स्वतः डायल करा. क्यूआर कोड कागदावरून, दोन वेगवेगळ्या मोबाईलवर स्कॅन करा. काही संकेतस्थळांवर बनवलेले क्यूआर फुकटची मुदत संपली की बंद पडतात, म्हणून तो कायमचा चालणारा आहे ना ते विचारून घ्या.

मराठीत खास बघायच्या जागा: पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे सरकली आहे का, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसतात का, आणि "न्याहारी", "बाकरवडी", "सुट्ट्या", "दुसऱ्या" असे शब्द. "ऱ्या"मधला आडवा र पुष्कळ फॉन्टमध्ये नीट येत नाही आणि त्याजागी रफार बसतो. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींची सोय चालू केलेली नसली की असे प्रकार होतात. सांगितलं तर पाच मिनिटांत दुरुस्त होतात. छापून झाल्यावर होत नाहीत.

रंगाचं प्रूफ वेगळं. मोबाईलचा पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई चार शायांतून. झळझळीत भगवा, पोपटी, निऑन गुलाबी हे रंग कागदावर थोडे मंदावतातच. रंग जिवाभावाचा असेल तर ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर एक प्रत काढून बघा, आणि ती प्रत डिझायनरला दाखवून मगच ओके द्या. ओके लिहून द्या, तारखेसह. ऑफसेटच्या प्लेट बनल्यावर केलेल्या बदलाचे पैसे तुम्हालाच भरावे लागतात.

छपाईची वेळ

गणपतीपासून दिवाळीपर्यंत प्रेस भरलेल्या असतात, आणि मध्ये निवडणूक आली तर विचारूच नका. उद्घाटनाच्या तारखेपासून उलट मोजा: फिटिंग, छपाई आणि कटिंग-लॅमिनेशन, प्रूफ, करेक्शन, पहिलं डिझाईन, मॅटर. लोगोला सगळ्यात जास्त वेळ द्या, पाम्प्लेट दोन-चार दिवसांत होतं. हजारांच्या संख्येने हवं तर ऑफसेट (प्लेट बनवून होणारी छपाई), शंभर-दोनशे हवे तर डिजिटल (थेट फाईलवरून). फ्लेक्स रस्त्यावर लावायचा तर महापालिकेची परवानगी लागते, ते काम डिझायनरचं नाही.

फायली ताब्यात घ्या

काम संपल्यावर ईमेलने किंवा ड्राइव्हवर हे मागून घ्या: लोगोची व्हेक्टर फाईल, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फुटणारी (सीडीआर, इलस्ट्रेटरची एआय किंवा एसव्हीजी, आणि सोबत पीडीएफ), पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, एकरंगी काळी आवृत्ती, छपाईची पीडीएफ, रंगांचे आकडे आणि फॉन्टची नावं. अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे त्यांचं चित्र बनवलेली, प्रत छपाईला बरी, पण पुढे पत्ता बदलला तर मजकूर दुरुस्त करता येईल अशी ओपन फाईलही लागते. तिचे वेगळे पैसे असतील तर ते सुरुवातीला लिहून घेतलेल्या पानावरच ठरलेले बरे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेला लोगो दाबला जाऊन धुरकट होतो. त्याच मार्गाने पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

मध्येच पटेनासं झालं, तर गप्प बसून फोन उचलणं बंद करू नका. झालेल्या कामाचे पैसे किती ते विचारा, ते द्या, तोवरच्या फायली घ्या, आणि त्या डिझाईनवर पुढे दुसऱ्याने काम केलेलं चालेल असं लेखी घ्या. नव्या डिझायनरला ते सगळं दाखवा, आधी काय जमलं नाही तेही सांगा.